नाव बाबासाहेबांचे, पण रस्ता कोणाचा?

आम्ही पोफळीचे. चिपळूणहून कराडला निघालेली एस.टी. कुंभार्ली घाट चढायला लागण्याआधी ज्या गावात थांबते, ते आमचे गाव. आमच्या डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. सह्याद्रीपलीकडे अडवलेले पाणी बोगद्यातून आमच्याकडे येते, जनित्रे फिरवते आणि वाशिष्ठीला जाऊन मिळते. १९६२ सालापासून ही वीज तयार होते आहे. एकट्या पोफळीच्या पहिल्या दोन टप्प्यांची क्षमता ६०० मेगावॅट. तारा आमच्या डोक्यावरून जातात आणि उजेड दूर कुठेतरी पडतो. त्यामुळे एखादी मोठी गोष्ट आपल्या अंगणात असणे वेगळे आणि ती आपल्या हाताला लागणे वेगळे, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

आज लिहायचे आहे ते मात्र नागपूरविषयी. नागपूरच्या विमानतळावर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. २००५ साली हे नाव दिले गेले. त्या विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १४ एप्रिल २००८ रोजी, म्हणजे भीमजयंतीच्याच दिवशी झाले. हे वाचले तेव्हा आमची छाती फुगली होती. परंतु शहराच्या जुन्या मध्यावरून, बर्डीवरून, त्या नावापर्यंत आपला माणूस पोहोचतो कसा, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. तो आम्हाला एका काकीने विचारायला लावला.

झाले असे, की एका अशोक विजयादशमीला आमच्या वाडीतली अकरा माणसे दीक्षाभूमीला निघाली. आमच्या भागातून नागपूर म्हणजे महाराष्ट्राचे दुसरे टोक. एस.टी.ने घाट चढायचा, पाटणवरून कराड गाठायचे, ओगलेवाडीच्या स्टेशनवर जाऊन महाराष्ट्र एक्सप्रेस पकडायची आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला उतरायचे. आमच्याबरोबर एक तरुण होता. वडील वीजघरात कंत्राटी कामगार, मुलगा शिकून बंगळूरला कंपनीत लागलेला. त्याला रजा थोडी. म्हणून जाताना तो आमच्याबरोबर रेल्वेने आला आणि परतीचे तिकीट त्याने नागपूरहून विमानाचे काढले. आमच्या वाडीतून विमानात बसणारा तो पहिलाच. त्याची आई, आमची काकी, सत्तरीच्या घरातली. तिने घरातून निघतानाच सांगून ठेवले होते, “दीक्षाभूमी बगायचीच. पन सायबांचं नाव लिवलंय त्यो इमानतळबी मला बगायचाय.”

गाडीने कराड सोडले की थोड्याच वेळात मसूर स्टेशन येते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ज्यांनी वाचले आहे त्यांना या स्टेशनचे नाव विसरता येत नाही. १९०१ साल. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि दोन भाचे या मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर नवे कपडे, डोक्यावर टोप्या. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि उत्तर ऐकताच तो मागे सरकला. बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान या पोरांना बसवायला तयार नव्हता. अखेर दुप्पट भाडे कबूल केले आणि गाडी या मुलांनीच हाकायची असे ठरले, तेव्हा कुठे एक गाडी मिळाली. गाडीवान बरोबर चालत राहिला. तहानेने घसा कोरडा पडला, पण रात्रभर पाणी मिळाले नाही.

तीच गाडी पुढे मनमाड सोडून चाळीसगावला येते. तेथील गोष्ट १९२९ सालची. बाबासाहेब आता बॅरिस्टर झाले होते. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या आपल्या बांधवांनी त्यांना थांबवून घेतले. स्टेशनपासून महारवाड्यापर्यंतचे अंतर ते किती? पण टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. बाबासाहेबांनी पायी जाणे लोकांना पटेना. तेव्हा टांगा भाड्याने घेतला आणि तो हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसवला. त्या बिचाऱ्याने टांगा कधी हाकला नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब खाली दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

वाचकहो, या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट सारखी आहे. आगगाडीने बाबासाहेबांना अडवले नाही. शेकडो मैल वाफेच्या इंजिनाने त्यांना इतर उतारूंबरोबर ओढून नेले. अडवले ते स्टेशनच्या बाहेर. प्रवासाचा मोठा भाग यंत्राने पार पाडला आणि शेवटच्या पल्ल्यावर जात हात पसरून उभी राहिली. स्टेशनपासून घरापर्यंतचा, फलाटापासून वस्तीपर्यंतचा तो तुकडा. कोणत्याही वाहतुकीची खरी परीक्षा तिथेच होते. रूळ टाकले, धावपट्टी बांधली म्हणजे प्रवास सर्वांचा झाला असे नाही. शेवटचा पल्ला कोण, कसा आणि किती पैशांत पार करतो, त्यावर तो सर्वांचा की काहींचा हे ठरते.

हे मनात घेऊनच आम्ही नागपूरला उतरलो.

नागपूरच्या या रस्त्याला आपल्या इतिहासात फार मोठे स्थान आहे. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब माईसाहेब आणि नानकचंद रत्तू यांच्यासह दिल्लीहून विमानाने नागपूरला आले आणि सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात उतरले. म्हणजे विमानतळ ते बर्डी हा आठेक किलोमीटरचा रस्ता धम्मक्रांतीच्या उंबरठ्याचा रस्ता आहे. तीन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, जे घडले ते जगाने पाहिले. नेता विमानाने आला होता, पण त्याच्यामागे आलेली लाखोंची जनता कशी आली होती? कोणी रेल्वेने, कोणी बैलगाडीने, कोणी भाकरी बांधून कित्येक कोस पायी. पांढरी वस्त्रे घेण्यासाठी अनेक मायमाउलींनी अंगावरचे किडूकमिडूक विकले. त्या जनतेने विमानतळ पाहिला नव्हता आणि पाहण्याचे कारणही नव्हते. तिच्या दृष्टीने विमान म्हणजे आकाशातला आवाज.

तो विमानतळही तेव्हा मोठा गाजलेला होता. सोनेगावची धावपट्टी इंग्रजांच्या लष्करी कामासाठी तयार झाली आणि दुसऱ्या महायुद्धात तिचा भरपूर वापर झाला. स्वातंत्र्यानंतर, १९४९ पासून, दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री टपालाची विमाने निघत, नागपुरात एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटे परत जात. देशाच्या मध्यावर असल्याचा हा मान. ज्या देशात माणसाला माणसाची सावली चालत नव्हती, त्या देशात चार दिशांची पत्रे एकाच धावपट्टीवर एकमेकांत मिसळत होती.

आता आमचा प्रवास. दीक्षाभूमीवर वंदना झाली, पुस्तकांचे स्टॉल झाले. काकीने भाच्याच्या मुलीसाठी बाबासाहेबांचे चरित्र घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचे विमान होते. तो म्हणाला, “आधी बर्डी बघू. बाबासाहेब जिथे उतरले होते तो भाग बघू आणि तिथूनच विमानतळावर जाऊ.” म्हणून आम्ही बर्डीवर आलो. एका बाजूला टेकडीवरचा किल्ला. इथे १८१७ साली भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. खाली कपड्यांची, चपलांची, भांड्यांची दाटी. या गर्दीच्या डोक्यावर आता मेट्रोचे मोठे स्थानक उभे आहे.

मेट्रोबद्दल जे चांगले ते आम्ही आधी सांगतो. ७ मार्च २०१९ रोजी खापरी ते सीताबर्डी या मार्गाचे उद्घाटन झाले. ११ डिसेंबर २०२२ रोजी उत्तरेकडचा तुकडाही सुरू झाला. त्यामुळे आज उत्तर नागपुरातील इंदोरा चौकात, आपल्या चळवळीच्या त्या बालेकिल्ल्यात, मेट्रोत बसणारा माणूस गाडी न बदलता कडबी चौक, गड्डीगोदाम, झिरो माईल, सीताबर्डी, काँग्रेसनगर, रहाटे कॉलनी, अजनी चौक असे करत थेट ‘एअरपोर्ट’ स्थानकावर उतरू शकतो. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, असा एकाच खांबावर पेललेला ३,१४० मीटरचा दुमजली पूल आहे. त्याची नोंद जागतिक विक्रमात झाली आहे. काकीला सरकत्या जिन्याची भीती वाटली, पण डब्यात बसल्यावर तिने खिडकी सोडली नाही. डब्यात कोणी कोणाला जात विचारली नाही. शेजारी कोण बसले म्हणून कोणी उठले नाही. मसूरच्या त्या पोरांना हे दिसले असते तर त्यांना केवढे नवल वाटले असते! ही क्रांती लहान नाही आणि ती कोणी दान दिलेली नाही.

परंतु ‘एअरपोर्ट’ नावाच्या स्थानकावर उतरलो आणि आम्ही विमान शोधू लागलो. स्थानक वर्धा रोडच्या कडेला. विमानतळाची इमारत तिथून आत. मधले अंतर चालत जा, फीडर गाडी मिळाली तर तिने जा, नाहीतर ऑटोने जा. ऑक्टोबरचे ऊन, दोन पिशव्या, एक मोठी बॅग आणि काकीचे दुखरे गुडघे. समोर उभ्या असलेल्या ऑटोवाल्याने त्या एवढ्याशा अंतराचे जे भाडे सांगितले ते बर्डीहून इथवरच्या मेट्रोच्या तिकिटापेक्षा कितीतरी जास्त होते. त्याच्यावर आमचा राग नाही. त्याचेही पोट आहे आणि जवळचे भाडे त्याला परवडत नाही. अखेर काकी, मुलगा आणि सामान ऑटोत बसले आणि आम्ही बाकीचे रस्त्याच्या कडेने चालत निघालो.

चालताना आमच्यातला एक जण म्हणाला, “मसूरलाही दुप्पट भाडे मागितले होते.” आम्ही त्याला तिथेच थांबवले. कारण हा फरक समजून घेतला पाहिजे. मसूरच्या गाडीवानाने जात पाहून भाडे मागितले होते. या ऑटोवाल्याने आमची जात पाहिली नाही, फक्त सामान पाहिले. दोन्ही गोष्टी एकाच तागडीत तोलणे म्हणजे बाबासाहेबांच्या लढ्याने काय मिळवले तेच नाकारणे होय. पण म्हणून शेवटच्या पल्ल्याचा प्रश्न संपला काय? नाही. पूर्वी तो जातीने अडवला जात होता, आता तो पैशाने अडतो. आणि या देशात पैसा कोणाच्या खिशात कमी आहे हे शोधायला गेलो तर पाऊल पुन्हा त्याच वस्तीत जाऊन थांबते.

इमारतीसमोर पोहोचलो तेव्हा काकी नाव वाचत उभी होती. ती प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली. एकेक अक्षर लावून तिने ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ एवढे वाचले आणि हात जोडले. आत फक्त तिकीटवाल्यांना सोडतात, हा सगळीकडचाच नियम. मुलगा आईच्या पाया पडला आणि आत गेला. थोड्या वेळाने त्याने मोबाईलवरून आतले सगळे दाखवले. काचा, खुर्च्या, पलीकडे उभे असलेले विमान. काकी पाहत राहिली आणि म्हणाली, “चांगलं हाय. पन हितं ज्यांच्याकडं गाडी हाय त्येंनीच यायचं काय रं? चालत येनाऱ्याला वाट कुटं काडलीय?”

हाच तो प्रश्न. आम्ही भल्याभल्यांची भाषणे ऐकली, पण नियोजनाचा एवढा नेमका प्रश्न फार थोड्यांनी विचारला असेल.

कोणी म्हणेल, विमानाने जाणाऱ्याला ऑटोचे भाडे जड कसे? ज्याच्याकडे विमानाचे तिकीट आहे त्याची कसली कीव करता? असे म्हणणाऱ्याने पहाटे विमानतळाच्या दारात उभे राहून पाहावे. विमानतळावर फक्त प्रवासी जात नाहीत. फरशी पुसणाऱ्या बाया जातात, सामान चढवणारे हमाल जातात, कंत्राटी सुरक्षारक्षक, चहाच्या दुकानातली पोरे, ट्रॉल्या ढकलणारे जातात. प्रवासी वर्षातून एकदा जाईल, ही माणसे रोज जातात आणि रोज येतात. त्यांच्या पाळ्या पहाटे सुरू होतात आणि मध्यरात्री संपतात. त्या वेळी मेट्रो बंद असते. हे कामगार कोणत्या वस्त्यांतून येतात हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. शेवटच्या पल्ल्याचा सर्वांत मोठा भुर्दंड त्यांच्या पगारावर पडतो.

प्रवासीही आता पूर्वीचा राहिलेला नाही. शिष्यवृत्तीवर परदेशी निघालेली आपली मुले आहेत, बंगळूर-हैदराबादला नोकरी करणारी पोरे आहेत, उपचारासाठी मोठ्या शहरात न्यावे लागणारे आजारी आई-बाप आहेत. २०१७ साली ‘उडान’ योजना सुरू झाली तेव्हा पंतप्रधानांनी हवाई चप्पल घालणाऱ्या माणसाला विमानात बसवण्याची भाषा केली होती. ठीक आहे. पण हवाई चप्पल घालणारा माणूस विमानतळावर चारचाकीने येत नाही, तो चालत येतो. त्याच्या चपलेखाली फूटपाथ तरी द्याल की नाही?

आता जमिनीकडे येऊ. या विमानतळाच्या विस्तारासाठी आणि त्याला लागून असलेल्या ‘मिहान’ प्रकल्पासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्यातल्या खापरीचे नाव आज मेट्रोच्या शेवटच्या स्थानकावर आहे. पाटीवर गाव आहे, पण गावाची माती कुठे आहे? ज्यांनी जमीन दिली त्यांच्या मुलांना त्या धावपट्टीवर कोणते काम मिळाले आणि ते कायमचे की कंत्राटी, हे शासनाने गाववार यादी काढून सांगितले पाहिजे. आम्ही पोफळीकर हा प्रश्न उगाच विचारत नाही. कोयनेने साऱ्या महाराष्ट्राला वीज दिली आणि जमीन देणाऱ्यांच्या पदरात किती पडले याचा हिशेब आमच्या भागात अजून संपलेला नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जमिनी देणाऱ्या भूमिपुत्रांनी २०२१ साली दि. बा. पाटील यांच्या नावासाठी मानवी साखळी केली, सिडकोला घेराव घातला. आपल्या माणसाचे नाव मागणे हा त्यांचा हक्कच होता. पण नाव मागणाऱ्या प्रत्येक चळवळीने पुढचा प्रश्नही त्याच दमात विचारला पाहिजे: नावाच्या आत कोण आणि बाहेर कोण?

आमच्या चळवळीला नावाचे मोल कोणी समजावून सांगू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, पोचीराम कांबळे यांच्यासारखे भीमसैनिक मारले गेले, गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. त्या रक्ताने मिळालेले नाव आम्हाला प्राणाहून प्रिय आहे. पण नामविस्तारानंतर विद्यापीठाच्या वसतिगृहात आमच्या मुलाला खोली मिळते काय, त्याला फी परवडते काय, हे विचारणे आम्ही किती काळ चालू ठेवले? नाव लागले की विजयसभा होते, पेढे वाटले जातात आणि आपण घरी जातो. प्रस्थापित व्यवस्थेने हे आता पुरते ओळखले आहे. ती म्हणते, नाव घ्या आणि गप्प बसा. विमानतळाला नाव देऊन तिने आमचा सन्मान केला, त्याबद्दल आम्ही आनंदीच आहोत. पण बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याला स्वतःचे नाव मागितले नव्हते. त्यांनी तिथपर्यंत चालत जाण्याचा आणि ओंजळभर पाणी पिण्याचा हक्क मागितला होता. २० मार्च १९२७ चा तो मोर्चा हासुद्धा शेवटच्या पल्ल्याचाच मोर्चा होता.

सरकारला जमत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबईकडे पाहा. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच रात्री त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले आणि सांताक्रूझच्या विमानतळावरून दादरच्या राजगृहावर नेण्यात आले. त्या रात्री शोकाकुल माणसे रस्त्यावर उभी होती आणि पायीच दादरच्या दिशेने निघाली होती. विमानतळापासून शहरापर्यंतचा तो रस्ता आमच्या बापजाद्यांनी अश्रूंनी भिजवलेला आहे. आज त्याच दादरला भुयारी मेट्रोचे स्थानक आहे आणि तिथून निघालेली गाडी विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांच्या नावाच्या स्थानकांवर थांबते. कफ परेडपासून आरेपर्यंतचा हा संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. मुंबईत जमिनीखाली एवढे खोदता येते, मग नागपुरात जमिनीवरचा तो थोडासा तुकडा जोडता येत नाही?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी नागपूरच्या विमानतळाच्या विस्ताराची पायाभरणी झाली. सुमारे ७,००० कोटी रुपयांचा खर्च सांगितला गेला. त्याच वर्षी, १ जुलैला, दीक्षाभूमीवरील भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध लोकांचा उद्रेक झाला आणि शासनाला त्या कामाला स्थगिती द्यावी लागली. या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. दीक्षाभूमीला येणारा माणूस रेल्वेने, एस.टी.ने आणि पायी येतो. त्याला हवी असते सावली, पाणी, शौचालय आणि परतीची बस. त्याच्यासाठी कल्पना निघाली ती गाड्या ठेवण्याच्या तळघराची! नियोजन करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चारचाकीवाला उभा असतो, चालणारा त्यांना दिसतच नाही. विमानतळाच्या नव्या आराखड्यातही हेच होणार असेल, तर ७,००० कोटींनंतरही आमच्या काकीचा प्रश्न तिथेच उभा राहील.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ‘एअरपोर्ट’ स्थानकापासून टर्मिनलपर्यंत प्रत्येक मेट्रोला जोडून निघणारी, ठरलेल्या अल्प भाड्याची छोटी बस असावी आणि मेट्रोच्या तिकिटातच तिचे तिकीट मिळावे. त्याच अंतरासाठी सामान ओढत आणि चाकाची खुर्ची ढकलत जाता येईल असा छप्पर असलेला पादचारी मार्ग असावा. मेट्रो बंद असते त्या वेळेत इंदोरा, रेल्वे स्टेशन, बर्डी ते विमानतळ अशी शहर बस कामगारांच्या पाळ्या पाहून सोडावी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या काळात देशोदेशींचे उपासक त्या विमानतळावर उतरतात, म्हणून त्या दिवसांत विमानतळ ते दीक्षाभूमी थेट बस असावी. नव्या टर्मिनलच्या आराखड्यात मेट्रोची जोड आधी आणि पार्किंग नंतर असावे. आणि जमीन गेलेल्या गावांतील मुलांना तिथल्या कामात पहिला हक्क मिळावा. यातली एकही मागणी आकाशातली नाही. सगळ्या जमिनीवरच्याच आहेत.

आम्हा कोकणवासीयांचाही यात स्वार्थ आहे, तो लपवत नाही. आमच्या जिल्ह्यात रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला धावपट्टी आहे. तिथे तटरक्षक दल आहे आणि प्रवाशांसाठी टर्मिनल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. शेजारच्या सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. उद्या रत्नागिरीहून विमाने उडतील तेव्हा एस.टी. स्टँडवरून धावपट्टीपर्यंत साधी बस जाते की नाही, हे विचारायला आम्ही आजच उभे राहिलो पाहिजे. उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर हा प्रश्न कोणी ऐकत नाही.

परतीच्या गाडीत काकीला खिडकीजवळची जागा मिळाली. बंगळूरहून मुलाचा फोन आला, तो सुखरूप पोहोचला होता. आम्ही अजून विदर्भही ओलांडला नव्हता. काकीने त्याला विचारले, “उतरल्यावर घरापत्तोर कसा गेलास?” तो म्हणाला, “बसने, आई. विमानतळाच्या दारातूनच बस होती.” काकीने फोन ठेवला आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, “मंग आपल्या सायबांच्या दारात का न्हाय?”

नागपूरच्या लोकप्रतिनिधींनी, महामेट्रोने, विमानतळ चालवणाऱ्यांनी आणि आपापल्या गटात वाटल्या गेलेल्या आमच्या नेत्यांनीही या सत्तरीच्या बाईला उत्तर द्यावे. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती पुन्हा नागपूरला येणार आहे. आम्हीही येणार आहोत. त्या स्थानकावर उतरून किती पावले चालावे लागते ते आम्ही या वेळी मोजणार आहोत.

जय भीम!